मकसूद मामू वाट विचारत नाहीत

मुरुडच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तस्नीमचं काम एकच: लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटर मशीन्समध्ये कोण शिरतं, कुठे फिरतं, यावर डोळा ठेवायचा. तिला काही कामच नाही असं लोकांना वाटे, कारण तिचं काम चोख झालं की काहीच घडत नसे! एकदा मात्र तिनं चोर शिरला म्हणून उगाच आरडाओरडा करून सगळं बंद केलं आणि भर मोसमात बोटी बर्फावाचून खोळंबल्या. मालक मितेशशेठनी तेव्हाच दम भरला, "परत असं झालं तर हे काम मुंबईवाल्यांना देईन."

शुक्रवारी दुपारी ऑफिसातले सगळे जुम्म्याच्या नमाजला गेले. हिशेब सांभाळणारे तिचे मकसूद मामूही गेले. आणि त्यांचंच खातं पावत्यांच्या मशीनवर उघडलं! उघडणारा मशीनला विचारत होता: मी कोण? हे मशीन कुठलं? इथून आणखी कुठे जाता येतं?

तस्नीमचे कान टवकारले. मामू यायचे, बर्फाच्या पावत्या काढायचे, निघून जायचे. आपण कोण, हे मशीनला विचारायची पाळी त्या भल्या माणसावर कधी आली नव्हती. तेवढ्यात हा पाहुणा मामूंच्याच डिजिटल चावीनं वजनकाट्याच्या मशीनमध्ये शिरला. पुढचं दार थंड खोल्यांचं, आणि खोल्यांत अख्ख्या बंदराची कोळंबी.

तिनं शेठना फोन लावला.

"मकसूदच असेल. आधी मशिदीत बघून ये," शेठ म्हणाले.

मशीद समोरच. फाटकाशी चपलांचा नुसता बाजार भरला होता, पण मामूंची लाल पट्ट्यांची दुबईची चप्पल काही दिसेना. मग मामू गेले कुठे? ऑफिसात परत येईपर्यंत मनात नको नको ते आलं.

पडद्यावर पाहुणा नव्या मशीनलाही तेच विचारत होता: मी कोण?

छे! स्वतःच्या घरात कुणी वाट विचारतं का? तस्नीमनं खातं बंद केलं, दोन्ही मशीन्स बाकीच्यांपासून तोडल्या. पावत्या थांबल्या आणि धक्क्यावर तिच्या नावानं शिमगा सुरू झाला.

नमाज सुटली तसे मामू तापल्या डांबरावरून अनवाणी नाचत आले. "वजूला हातपाय धुवायला जाताना माझी चप्पल कोणी घातलीन रे?"

तस्नीमला हसू की रडू कळेना. तिनं सगळं सांगितलं. सगळ्या मशीन्सच्या चाव्या मामूंनी पावत्यांच्या मशीनवरच एकत्र ठेवल्या होत्या, म्हणून ती रागावलीही.

"आपल्याकडं चावी शेजारीच ठेवतात ना, बेटी," मामू ओशाळून म्हणाले.

शेठ तणतणत आले. पडद्यावर पाहुण्याची पावलं थंड खोल्यांच्या दाराशी थांबलेली पाहिली आणि खुर्चीत बसले. "पुढच्या वेळी मला विचारत बसू नकोस. आधी दार लाव."

शेठ गेल्यावर मामूंनी हळूच विचारलं, "चप्पल न्हाय दिसली, तरी माझ्यावर शक न्हाय घेतलास?"

"घेतला," तस्नीम म्हणाली. "फाटकापासून ऑफिसपर्यंत."

 मामू खो खो हसत म्हणाले, "म्हणून तर तुला इथं बसवलीय."