सरांची नवी गाडी आणि माझा कान

मित्रांनो, आज लई जळतंय. लपवत नाही.

सोलापुरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. कुलकर्णी सर अठरा वर्षं माझं गिऱ्हाईक. त्यांची जुनी स्कूटर चौकात वळली की मी आत बसून सांगायचो, "सर आले. कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." कधी चुकलो नाही.

आज दुपारी पाठीमागून आवाज आला, "मिस्त्री, जरा हवा बघता का?" वळून बघतो तर सर! नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. आले कधी, कळलंच नाही.

ते उतरले. मी सवयीनं हँडल धरलं आणि इंजिन ऐकायला ॲक्सिलरेटर पिळला. मला गाडी बंदच वाटली की! ती सुटली ती थेट माझ्याच टेबलावर. पाने, पक्कड, सगळं रस्त्यावर.

"अहो, चालू होती ती!" सर हसायला लागले. "हिच्यात ऐकायचं काही नसतं मिस्त्री. शोरूममधला माणूस लॅपटॉप लावतो आणि दोन मिनिटांत सगळं सांगतो. फार हुशार आहे."

फार हुशार! अठरा वर्षांत मला एकदा तरी म्हणाले का? आणि त्या लॅपटॉपवाल्याला सरांचं नाव तरी पाठ असेल का?

हवा भरून दिली. सर गेले. कुठल्या बाजूला वळले, तेही ऐकू आलं नाही.

खरं सांगा, तुम्ही गाडी बदलली तेव्हा जुन्या मिस्त्रीला सांगायला गेला होता का?