चुकीवर खूश होणाऱ्या बाई

माणूस असो की खेकडा, एका नजरेत पारखण्यात पेणमध्ये माझा हात धरणारा कुणी नाय. पण शेजारी राहणाऱ्या कॉलेजच्या बाईंच्या कागदी खेकड्यांनी माझी इज्जत काढली.

बाई रविवारी कुणालातरी ओट्यावर बसवतात. एकेक चित्र दाखवून विचारतात, हा खाडीतला की ओढ्यातला? बरोबर सांगितलं तर मान वर करत नायत. चुकलं की डोळे चमकतात. या रविवारी माझी पाळी आली, आणि मी चुकत गेलो तशा बाई खूश होऊन म्हणाल्या,

“बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं, काका. चूक मात्र ज्याची त्याची.”

मी म्हटलं, “मी रंग, पाठ, नांगी, सगळं बघतो.”

“नाही. छोट्या नांगीचा प्रत्येक खेकडा तुम्ही ओढ्यात टाकलात. तुम्ही नुसती नांगी बघता.”

डोक्यात शिरून बघून आल्या जणू!

आमच्या खिडकीतून बायको म्हणाली, “मग उद्या रोह्याला जावई बघायला मीच जाते. तुम्ही नुसत्या मिशा बघून हो म्हणाल.”