एक दात मागं

"गाडी खोटं बोलत न्हाई, डायवर बोलतो," असं म्हणत आमचा मिस्त्री बॉनेटवर हात ठेवायचा. घनसावंगीच्या स्टँडमागं त्याचं गॅरेज होतं. आम्ही सगळे जीपवाले त्याच्या शिव्या खाऊनच धंद्याला लागलो. हा बाबा चहासुद्धा शिवी दिल्याशिवाय पाजत नसे.

तरी माझ्या जिपेचं इंजिनकाम मी मेव्हण्याच्या नादानं राजूरकडच्या एका गॅरेजात केलं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, पण गाडीला ओढच नाही. कुंभार पिंपळगावच्या वाटेवर साध्या चढाला पॅसेंजर खाली उतरवावे लागले. एक म्हातारी म्हणाली, यापरीस बैलगाडी बरी. झक मारली अन् राजूरला गेलो, असं झालं मला.

"जेवला दुसरीकडं, अन् पोट दुखल्यावर माझ्याकडं आला का?" मिस्त्री म्हणाला. त्यानं एअर फिल्टर पाहिला, डिझेलची लाइन पाहिली. सगळं बराबर. मग इंजिनचं पुढचं कव्हर खोललं. डिझेलपंपाच्या दातेरी चाकाची खूण एक दात मागं बसवली होती. त्यानं डिझेल उशिरा पडतं आणि इंजिनची ताकद जाते. मी म्हणालो, सापडलं ना, मंग झालं. पण तो पाण्याच्या पाइपाला बांधलेली तार बघत होता. तिचा पीळ उलटा होता, डावखुऱ्या हाताचा.

त्याचा धाकटा भाऊ डावखुरा. इंजिनच्या उलट्या बाजूला उभा राहून खूण जुळवायचा आणि दर वेळी एक दात मागं ठेवायचा. तो काही वर्षांमागं गोदावरीच्या पुरात वाहून गेला. प्रेत सापडलंच नाही, म्हणून मिस्त्रीनं गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. डावखुरे मिस्त्री काय कमी आहेत, असं मी त्याला समजावलं.

"तो जिता असंल, तर मी कोणाला जाळलं रे?" एवढंच तो बोलला.

चाक जुळवून आम्ही तसेच राजूरला निघालो. कोणाला फोन केला नव्हता. गाडी आता अशी ओढत होती की मलाच भीती वाटायला लागली.

गॅरेजवाला म्हणाला, तुझं इंजिन केलेला मिस्त्री सकाळीच हातातलं काम टाकून गेला. जाताना म्हणाला, "भाऊ येऊन राह्यला. त्याला म्हणा, माघारी जा."

आमच्या मिस्त्रीनं तो कोणत्या रस्त्यानं गेला तेवढं विचारलं. मला म्हणाला, तू जाय, पॅसेंजर खोळंबले असतील. भर उन्हात तो भोकरदनच्या रस्त्यानं चालायला लागला. मी लई हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही.

अजून आला नाही. मला त्याच्या शिव्यांची फार आठवण येते. भावकीतले लोक आता त्याच्या बायकोला, आमच्या वहिनीला म्हणतात, त्याचाही पुतळा करून विधी उरकून घ्या. ती त्यांना दारातूनच माघारी लावते.

"एकदा जाळल्यावर माणूस जिता आला," ती म्हणते, "तर त्याला घरात कसा घ्यायचा?"