बुंदीची काचपेटी

काचपेटी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यात चार बोटं नदीची वाळू होती. वाळूवर वीतभर पिवळी पाल पडलेली. अंगावर काळे ठिपके, डोळे मिटलेले.

"बुंदी नाव हाये तिचं," देवकाबाई म्हणाल्या. "चार दिस झाले, खाऊन नाई राह्यली."

घाटंजी तालुक्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर आहे. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. गाय, बैल, शेळी, कोंबडी. पाल आजवर कुणी आणली नव्हती. सकाळपासून शेळ्यांना लस टोचून माझं मनगट ठणकत होतं.

"बाई, मला यातलं फार कळत नाही. यवतमाळला न्या."

"नेलती. तिथचे डॉक्टर म्हणे, आमी कुत्रे-मांजरं पाहतो."

मग त्यांना खुर्ची दिली. देवकाबाई राठोड इथल्या बंजारा तांड्यावर राहतात. कापूस आणि तुरीचं वावर आहे. त्यांची मुलगी पल्लवी नर्स. पुण्यात नोकरीला असताना तिनं ही पाल पाळली. लेपर्ड गेको म्हणतात तिला. परदेशी जात, नोंदणी करून पाळावी लागते. कागद पिशवीत होता. दोन महिन्यांपूर्वी पल्लवी जर्मनीला कामावर गेली आणि पाल आईकडे सोपवून गेली.

"सारं लिहून देल्लं होतं तिनं. पण पेटीखालची गरम होणारी चटई जळाली. थंडी पडली म्हून मी शंभरचा बल्ब लावला. वाळवंटातली हाये म्हून वाळू टाकली."

"पल्लवीला विचारलं का नाही?"

"ते तिकडं एकटी हाये, मॅडम. रोज फोनवर रडते. बुंदी बिमार हाये म्हटलं तर सामान बांधून येईन. रोज व्हिडिओवर दाखोतो मी, दुरून. सांगतो, झोपली हाये."

मी पुण्यातल्या वर्गमित्राला फोन लावला. तो असेच प्राणी बघतो. त्यानं अर्धा तास समजावलं आणि मी औषधाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

पालीला स्वतःचं अंग तापवता येत नाही. ऊब हवी की ती उबेला जाते, पुरे झालं की सावलीला येते. म्हणून पेटीची एक बाजू गरम हवी, दुसरी थंड. देवकाबाईंचा बल्ब मधोमध टांगलेला, रात्रंदिवस चालू. पळायला जागाच नव्हती. आणि वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतड्यात अडकते.

वाळू काढली. खाली वर्तमानपत्र अंथरलं. बल्ब बंद केला. नवी चटई आणि तापमान आपोआप राखणारं यंत्र मित्रानं कुरिअरनं पाठवलं. ते येईपर्यंत एका बाजूला कोमट पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. लपायला दोन्ही टोकांना फुटक्या कुंडीचे अर्धे तुकडे. तिसरी जागा ओलसर लागते, नाहीतर कात नीट निघत नाही. त्यासाठी आइस्क्रीमच्या डब्याला भोक पाडलं आणि आत ओलं फडकं ठेवलं. पुढचे पाय थोडे वाकले होते, म्हणून कॅल्शियमची पूड दिली.

मधेच वरिष्ठांचा फोन आला.

"मॅडम, लसीकरणाचा अहवाल?"

"संध्याकाळी पाठवते, सर."

"आता काय सुरू आहे?"

"पालीचं घर करते आहे."

"कोणत्या रकान्यात लिहाल?"

"इतर."

तीन दिवसांनी देवकाबाई आल्या. पाल चालत होती, खात होती. मला बरं वाटलं. त्या दिवशी माझ्यापुढे तेवढं एकच काम नीट झालेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या धावतच आल्या. बुंदीचं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. मी पेटी तपासली. यंत्रावर आकडा बरोबर, ओला डबा ओला, वर्तमानपत्र स्वच्छ. काहीच चुकलं नव्हतं.

"काय खाल्लं हिनं?"

"रातकिडे. नाकतोडे."

"कुठून आणता?"

"पल्लवीनं देल्लेल्या पुण्याच्या अळ्या सरल्या. मंग मी रोज सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जातो. तुरीत लय भेटतात."

"तुरीवर फवारणी झाली?"

"परवा मारलं औषध. शेंगात अळी पडली म्हून." मग हळू म्हणाल्या, "मीच देल्लं का हे तिले?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फवारणीच्या विषबाधेवर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन असतं. बैलांना कितीदा दिलंय. इथं पन्नास ग्रॅमचं जनावर. मित्राला फोनवर ठेवून औषध दोनदा पातळ केलं आणि इन्सुलिनच्या सिरिंजनं टोचलं. दुखरं मनगट दुसऱ्या हातानं धरावं लागलं. मग वाट बघणं. देवकाबाई बाकावर बसून होत्या. दुपारी डबा उघडला, खाल्ला नाही.

चारच्या सुमारास थरथर थांबली.

"मॅडम, आता तिले सांगतो," म्हणत त्यांनी तिथंच पल्लवीला फोन लावला. वाळू, बल्ब, किडे, सगळं सांगितलं. एकही गोष्ट वगळली नाही.

मग पल्लवी म्हणाली, "याडी, तू रोज सकाळी दवात किडे पकडत होती?" तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"मंग? उपाशी ठेऊ?"

पल्लवी रडत होती. पण नोकरी सोडून आली नाही. आता ती फोनवर पालीच्या आधी आईला बघते, असं देवकाबाई सांगतात. गव्हाच्या कोंड्याच्या डब्यात त्या स्वतः अळ्या वाढवतात आणि डब्याला हात लावण्याआधी दोनदा साबण लावतात. बुंदीचे पाय वाकडेच राहिले. ते आता सरळ होणार नाहीत.

देवकाबाई माझे आभार मानतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी मी वाळू पाहिली, बल्ब पाहिला, काचेची मापं घेतली, आणि जनावर काय खातं हे विचारलं नाही. आजारी गुरासमोर उभं राहिलं की आधी वैरण बघायची, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ते पालीलाही लागू आहे, हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली.