गबरूचं ऊन आता दुकानदाराच्या दारात

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

आमच्या गबरू कासवाची पाठ मऊ पडलीय. पाठ टणक राहायला कासवाला ऊन लागतं; बाजारातल्या दुकानदारानं उन्हाचा म्हणून विकलेल्या ज्या दिव्याखाली त्याला दोन महिने बसवलं तो नुसता जांभळा शोभेचा दिवा आहे, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

गबरूचा टब घेऊन तडक त्याचं दुकान गाठलं. मालक हसला. "चाचा, खरा उन्हाचा दिवा इथं मिळतच नाय. अन् कासवाला काय कळतंय?"

व्हय का? मग पुण्याहून खरा दिवा येईपर्यंत गबरूचं रोजचं ऊन तुझ्याच दारात! तिथंच टब मांडला. तीन गिऱ्हाईकं गबरूची कहाणी ऐकून आल्या पावली परतली.

मालक चहा घेऊन आला. "चाचा, घरी बसा ना."

"तुझ्या दारात ऊन लई चांगलं येतं, बेटा."

उद्या कोण कोण येताय सोबतीला? खुर्ची आपापली आणा.