प्रमिलाताईंचा पासवर्ड

हल्ली पेपर उघडला की एक बातमी ठरलेली असते. कुणाची तरी माहिती कुठून तरी बाहेर पडली, लाखो लोकांचे पासवर्ड चव्हाट्यावर आले, अमुक ॲप तुमचं बोलणं ऐकतं. भिलाईत सेक्टर 10 मध्ये आम्ही दोन-चार रिटायर्ड मंडळी चहाला जमलो की कुणीतरी ती बातमी वाचतो आणि कुणीतरी म्हणतोच, "आपल्या कॉम्प्युटर रूममध्ये नाही का..." झालं! एका किश्श्याला दुसरा चिकटून येतो, जुन्या प्रिंटरच्या कागदासारखा. एक पान ओढलं की पुढची सगळी घडी बाहेर.

सांगणारा बदलला की तपशील बदलतात. मी सांख्यिकीत पीएच.डी. केलेला माणूस, माझा स्वतःच्या आठवणीवर फारसा भरवसा नाही. पण एवढं नक्की, की आमचे सगळे किस्से एकाच गोष्टीभोवती फिरतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्टील प्लांटच्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड आमच्या कॉम्प्युटरवर चढलं. कुणाला काय आजार, सगळं आमच्या खोलीत. त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं प्रमिलाताई गिरडकरांनी ठरवलं. त्या आमच्या सिस्टिम असिस्टंट, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्या फाइलींचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. मी त्यांचा इनचार्ज, आणि माझ्याच्यानं हे निभेल की नाही याची धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

*

सुरुवात दारापासून करतो. आमची खोली एसी, त्यामुळे मे महिन्यात अर्ध्या प्लांटला आमच्याकडे अचानक काम निघायचं. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून चपला-बूट बाहेर काढायचा नियम होता. दारावर साहू नावाचा गार्ड. तो दुर्गजवळच्या खेड्यातला, अतिशय इमानदार. सिक्युरिटी म्हणजे काय, हे त्यानं आपल्या परीनं समजून घेतलं होतं. तो माणूस बघायचाच नाही, पाय बघायचा.

एक विमा एजंट रोज आत येऊन बसत होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्यानं आमच्याच दोन माणसांच्या पॉलिसी काढल्या होत्या. साहूला विचारलं, तर तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "साहब, ओकर पैर तो एकदम चकाचक रहिस."

त्याच सुमारास ब्लास्ट फर्नेसचे एक मोठे साहेब आले. बूट त्यांनी काढले, पण मोजे खनिजाच्या धुळीनं लाल. साहूनं अडवलं. साहेबांनी आपला हुद्दा सांगितला. साहूनं तो नीट ऐकून घेतला.

"पद भीतर जा सकत हे साहब," तो म्हणाला, "मोजा नइ जा सकय."

साहेबांनी मोजे काढले.

*

मग वरून आदेश आला, की प्रत्येकानं आपापला पासवर्ड ठेवावा आणि कुणाला सांगू नये. आमच्या लोकांनी आदेश तंतोतंत पाळला. कुणीही कुणाला सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी आपापल्या क्वार्टरचा नंबर ठेवला. भिलाईत माणसाचं नाव एक वेळ विसरतील, सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर विसरत नाहीत.

आमचा ऑपरेटर ठवरे हा गोंदियाकडचा, बोलका माणूस. त्याला कॅम्प-1 मधून सेक्टर 10 मध्ये क्वार्टर मिळालं. त्यानं लगोलग पासवर्ड बदलला आणि ही खबरदारी मला अभिमानानं सांगितली. त्याच दुपारी तो पेढ्यांचा डबा घेऊन टेबलोटेबली फिरला आणि प्रत्येकाला नवीन पत्ता लिहून दिला. "या ना भाऊ घरी, वहिनीले घेऊन या."

संध्याकाळपर्यंत गार्डसकट सगळ्यांकडे त्याचा पासवर्ड होता. प्रमिलाताईंचा मात्र कधी कुणाला कळला नाही. मी एकदा सहज म्हणून अंदाज केला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, अंदाज बी करू नका. चुकून बरोबर आला तर मले बदलावा लागन."

*

पुढे फ्लॉपीतून व्हायरस यायला लागले. स्क्रीनवर एक ठिपका टणाटण उड्या मारत फिरायचा आणि माझं काळीज त्याच्याबरोबर. चौकशीत निघालं, की ठवरेचा मेहुणा नागपूरहून गेमच्या फ्लॉप्या पाठवत होता. बाहेरची फ्लॉपी बंद, असा नियम झाला. साहू आता पायांबरोबर पिशव्याही तपासू लागला.

तरीही ठिपका परत आला. माझी झोप उडाली, भूक गेली. शेवटी प्रमिलाताईंनी ठवरेच्या मशीनचा ड्राइव्ह उघडायला लावला. झाकण निघालं आणि खोलीभर ठेच्याचा वास सुटला. गडी डब्यात दोन पोळ्यांच्या मध्ये फ्लॉपी ठेवून आणत होता!

ठवरे म्हणाला, "ताई, प्लास्टिकमधी गुंडाळली होती ना."

ताईंनी त्या दिवसापासून सगळ्या ड्राइव्हवर कागद चिकटवून सही केली. ठवरेला त्यांनी शिक्षा काही केली नाही. महिनाभर त्याचा डबा त्या स्वतः उघडायच्या आणि त्यातली एक पोळी खायच्या.

*

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, आम्ही तो हसण्यावारी नेतो. प्रिंटरचे वाया गेलेले कागद तेव्हा रद्दीत जायचे आणि तिथून कॅम्प-1 च्या बाजारात भज्यांखाली. एका माणसानं भजी संपवून कागद सरळ केला, तर त्यावर त्याच्या शेजाऱ्याचं नाव आणि समोर टीबी. थोड्याच दिवसांत त्या शेजाऱ्याच्या घरचा चहा बंद झाला. त्यांनी करणं नाही, लोकांनी पिणं. त्यांच्या पोरीला कुणी खेळायला घेईना. एक दिवस त्याची बायको आमच्या दाराशी आली.  तो तेलकट कागद प्रमिलाताईंच्या हातात दिला आणि गेली.

दुसऱ्या दिवशीपासून रद्दी विकणं बंद. कागद जाळायचे ठरले, आणि भिलाईत आगीला तोटा नाही. ताईंनी जीप मागवली, गठ्ठे भरले, साडीवर हेल्मेट चढवलं आणि थेट भट्टीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होतो. तेवढ्या धगीत मला नीट उभंही राहवत नव्हतं. तिथला फोरमन नागपूरचा. त्यानं परोपरीनं समजावलं की ताई, इथं लोखंड टाकतेत, कागद नाही. ताई हलल्या नाहीत. शेवटी एकेक गठ्ठा आत गेला.

फोरमननं घाम पुसला आणि म्हणाला, "आता या खेपेतून जी रेल्वेची पटरी निघन, तिच्यात अर्ध्या सेक्टरचा बीपी असन."

"असू द्या," ताई म्हणाल्या. "पटरी कोनाले सांगत नाही."

*

यानंतर मुलींचे बाप यायला लागले. आमच्या मराठी मंडळात लग्न जुळवताना मुलाचा पगार विचारावा लागत नसे, ग्रेड सांगितली की पगार कळायचा. अडायचं ते तब्येतीवर. आणि मुलगा प्लांटमधला असला की त्याची तब्येत आमच्या खोलीत! कुणी चिवडा घेऊन यायचं, कुणी तिळगूळ.

एक गृहस्थ संत्र्यांची पेटी घेऊन माझ्या घरीच आले. "साहेब, एक नजर टाका फक्त. सायकल घ्याची तर लोक चेन पाहतेत. हा तं जावई आहे."

 मी म्हणालो, विचार करतो. त्यांनी तो होकार धरला आणि पेटी ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून मी ऑफिसात आणली आणि ताईंना सगळं सांगितलं.

ताईंनी शांतपणे ऐकलं. "साहेब, तुमाले नाही म्हननं जमत नसन तर माह्याकडं पाठवत जा. मले जमते."

तेव्हापासून मी सगळ्यांना तिकडे पाठवू लागलो. ताई त्यांना काय सांगायच्या कोण जाणे. माणसं मुकाट्यानं बाहेर येऊन चपला घालायची. संत्री परत गेली. पेटीत थोडी जागा झाली होती, ती ठवरेमुळे.

*

मुलींचे बाप परवडले. एकदा वरच्या एका साहेबांचा फोन आला. एका अधिकाऱ्याचं प्रमोशन होतं, त्याला छातीचं काही दुखणं आहे का, ते त्यांना हवं होतं. नाव मी लिहून घेतलं. फोनवर हात ठेवून मी ताईंना विचारलं.

"लिहून मागा," त्या म्हणाल्या. "कावून पायजे तेबी लिहा म्हना. आनि त्या मानसाले आपन कळवू, का तुमची फाइल साहेब पाहून राहिले."

मी तेच, शक्य तितक्या नम्रपणे, हिंदीत सांगितलं. ताईंचा आवाज पलीकडे पोचला असावा.

"इनचार्ज आप हैं कि वो?"

"सर, कागज़ पर मैं हूँ," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, की नंदिनी गावच्या प्लांटच्या चुनखडीच्या खाणीत अशा कडक बाईची गरज आहे, बदलीचं बघतो. ताईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी कॉलेजात.  मी ते ताईंना सांगितलं.

"नंदिनीले बस जाते साहेब," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पुढे किती तरी दिवस मी डाक उघडताना आधी डोळे मिटायचो. पण लेखी मागणी आली नाही आणि बदलीही आली नाही. का, ते मला ठाऊक नाही. ठवरेचं म्हणणं असं, की आपलीही फाइल त्याच खोलीत आहे, हे साहेबांना तेवढ्यात आठवलं असावं.

*

आता शेवटचा.

ताईंच्या मुलीसाठी, वर्षासाठी, स्थळ आलं. मुलगा नंदिनीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, घर चांगलं, मुलीला पसंत. बोलणी होता होता मुलाचा मामा बोलून गेला, की मधे तो बरेच दिवस हॉस्पिटलात होता, आता मात्र फर्स्ट क्लास आहे. काय झालं होतं, ते कुणी सांगेना. आणि मुलाची फाइल ताईंच्या समोरच्या मशीनमध्ये.

ताईंचे यजमान, गिरडकरभाऊ, हे टाउनशिपच्या ऑफिसात क्लार्क, फार मऊ माणूस. तेही त्या दिवसांत बायकोला म्हणाले, "तू आई आहेस का कुलूप आहेस?" हे ताईंनीच मला सांगितलं. ठवरे म्हणाला, "ताई, एक डाव पाहून घ्या, आमी तोंड फिरवतो," आणि त्यानं खुर्ची फिरवलीसुद्धा.  त्यांनी पाहिलं असतं, तर मी दोष दिला नसता. आजही देणार नाही.

एक दिवस ताईंनी मला बोलावलं. आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"नवा पासवर्ड टाका. मले सांगू नका."

"ताई, मी?"

"लग्नाचं काय ते ठरेपर्यंत. हॉस्पिटलचं काम बी तुमीच करा."

"आणि मी विसरलो तर?"

"विसरले तर बरंच होईन."

मी टाकला. पीएच.डी. झाल्यापासून पहिल्यांदाच दिवसदिवस मोतीबिंदू आणि मूतखडे टाइप करत बसलो. वाटेत तो मुलगा लागू नये म्हणून त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दिसलं, की मी पुढे जायचो.

आठवड्याभरात गिरडकरभाऊ माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. पाण्याचा ग्लास हातात धरून बसले.

"साहेब, एकच पोरगी आहे. फाइल नका दाखवू. भेवाचं काही आहे का नाही, तेवढंच सांगा."

 जन्मभर मी लोकांना "बघू" म्हणत आलो. फाइलमध्ये खरंच काही असलं तर? मी गप्प राहिलो आणि पोरीचं वाटोळं झालं तर? हे ओझं त्या बाईनं नेमकं माझ्यावर का टाकलं, हेही मनात आलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही, भाऊ," मी म्हणालो.

ते थांबले. मी पुन्हा म्हणालो, "नाही. ती त्या मुलाची फाइल आहे, त्यालाच विचारा. रविवारी मी तुमच्याबरोबर नंदिनीला येतो."

ते पाणी तसंच ठेवून गेले.

रविवारी आम्ही तिघं नंदिनीच्या बसमध्ये बसलो. मुलाच्या घरी अंगणात सगळे असताना ताईंनी सरळ त्यालाच विचारलं, "बाबू, तुमी हॉस्पिटलात कावून होते?" मामाला ठसका लागला. मुलगा उठला, म्हणाला, "काकू, आत या, सांगतो." ते दोघं आत गेले. मी बाहेर मामाशी चुनखडीवर बोलत राहिलो. काय बोललो, देव जाणे. ताई बाहेर आल्या, नवऱ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "साखर आना." मुलानं काय सांगितलं, ते आजतागायत आम्हाला माहीत नाही.

लग्न सेक्टरातल्या मंडपात झालं. पंगतीत मी आणि ठवरे शेजारी बसलो होतो. गिरडकरभाऊ बुंदी वाढत आले. माझ्या पानासमोर वाकले, दोन झारे वाढले, आणि वाकल्या वाकल्याच हळू आवाजात म्हणाले,

"साहेब, त्या दिवशी तुमच्या घरी मी माह्या मनानं नव्हतो आलो. वर्षाच्या मायनंच पाठवलं होतं."

मी मान वर केली, तोवर ते पुढच्या पानावर पोचले होते.