मास विदाग्दोचं टिं-टिं-टूं

जावा बेटावरच्या आमच्या सालातिगा गावात मास विदाग्दोला "नाही" म्हणताना कुणी ऐकलेलं नव्हतं. लग्नात काझींनी "कबूल आहे का?" असं विचारलं, तेव्हा हा म्हणाला, "जशी सगळ्यांची इच्छा." काझींनी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं. टपरीवर चहा गोड हवा की बिनसाखरेचा, असं विचारलं तर म्हणायचा, "तुम्हाला जो सोपा पडेल तो." मला अशा माणसांचा राग येतो. आणि माझं टेबल नेमकं त्याच्या शेजारी.

आमचा कारखाना म्हणजे मालक पाक त्रियोनोंच्या घरामागची एक लांबट खोली. (मास म्हणजे दादा, पाक म्हणजे काका, बू म्हणजे काकू; आमच्याकडे नावाआधी एवढं लावावंच लागतं.) तिथे आम्ही पक्ष्यांना गाणं शिकवणारे डबे बनवतो. शामा या गाणाऱ्या पक्ष्याचं पिल्लू आणलं की डबा पिंजऱ्याशेजारी ठेवायचा. डबा दिवसभर रातकिडे, बुलबुल आणि नावाजलेल्या शामांच्या ताना वाजवतो, पिल्लू ऐकून ऐकून उचलतं, आणि मोठं झालं की रविवारी मैदानावर स्पर्धेला. आमच्याकडे माणसं पोरांच्या मार्कांची करत नाहीत एवढी चौकशी पक्ष्याच्या गळ्याची करतात.

विदाग्दोकडे डब्याचा बूटलोडर होता. वीज आली की सगळ्यांत आधी हा इवलासा प्रोग्राम जागा होतो आणि मग बाकीच्यांना हलवून उठवतो. चिपमध्ये त्याला जागा बेताची, म्हणून काय हवं आणि काय नको हे प्रोग्राम बांधण्याआधीच ठरवावं लागतं. पडद्यावर पर्याय येतात, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. ज्याला "नाही" म्हटलं ते चिपमध्ये जातच नाही. ज्याला "होय" म्हटलं ते कणकेतल्या मिठासारखं, एकदा मळलं की वेगळं काढता येत नाही.

पद्धत शहाणपणाची आहे. ती विदाग्दोच्या हाती लागली हे वाईट झालं. कुणा दोघांचं वाजलं की हा मधे यायचा आणि मऊ आवाजात म्हणायचा, "भांडता कशाला? पर्याय करून टाकतो." मग एक नवा पर्याय जन्माला यायचा, भांडणारे दोघंही आपणच जिंकलो असं समजून जेवायला जायचे. पर्यायाशेजारी चार ओळींची माहिती लिहायची असते. त्याची माहिती अशी असायची: "हा पाक त्रियोनोंच्या मेव्हण्यांनी सुचवला आहे. कुणी वापरत नाही. तरी काढू नये, त्यांना वाईट वाटेल." दुसऱ्या एकापुढे लिहिलं होतं: "हा चालू केल्यावर काय होतं ते आठवत नाही. कृपया करू नये. केल्यास सांगावे, मी रागावणार नाही."

तर एके दिवशी पाक त्रियोनो म्हणाले, "डबा चालू झाला की त्याने आवाज द्यायला हवा. टिं-टिं-टूं! गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, डबा जिवंत आहे."

चाचणीचं काम बघणाऱ्या बू मुर्नी ताडकन उठल्या. "पाक, अहो शामा तो! जे ऐकेल ते गाणार. उद्या टिं-टिं-टूं करायला लागला तर?"

"पक्ष्याला एवढी अक्कल नसते."

"अक्कल नसते म्हणूनच म्हणते!"

दोघांचे चेहरे लाल झाले. मी विदाग्दोकडे पाहिलं. त्याचा हात कीबोर्डवर पोचलासुद्धा होता.

या वेळी त्याने कमाल केली. आवाजाचा पर्याय केला आणि त्याचं होय-नाहीसुद्धा स्वतः ठरवायला नको म्हणून तो दुसऱ्या पर्यायाच्या गळ्यात बांधला. डब्याला हिरवा दिवा असेल तर आवाज बंद, दिवा नसेल तर आपोआप चालू. तेव्हा सगळ्या डब्यांना दिवा होता, त्यामुळे आवाज झाला नाही आणि बू मुर्नी खूश. पाक त्रियोनोंना त्याने पर्याय उघडून दाखवला, "हे पाहा, तुमचं टिं-टिं-टूं आत आहे." तेही खूश.

पुढे पाक त्रियोनोंनी नवा डबा काढला. हिरव्या उजेडाने पक्ष्यांची झोप मोडते म्हणून त्याला दिवाच ठेवला नाही. विदाग्दोने दिव्यापुढे "नाही" केलं, आणि आवाजापुढे गुपचूप "होय" झालं. खोलीत एवढे डबे एकदम किंचाळत असताना तीन सुरांकडे कोण लक्ष देतो? डबे विकले गेले. अर्ध्या गावाने घेतले. पहिला डबा अर्थातच पाक त्रियोनोंच्या लाडक्या शामाला, कोमंदानला मिळाला. त्या दिवसांत वीज सारखी जात-येत होती. दर वेळी आली की टिं-टिं-टूं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाक त्रियोनोंनी आम्हाला घरी बोलावलं. कोमंदान दांडीवर ऐटीत बसला होता. त्याने अशी तान घेतली की माझ्या अंगावर काटा आला. मग शेपटी वर करून, मान तिरकी करून म्हणाला, "टिं-टिं-टूं."

बू मुर्नींनी तोंडावर ओढणी धरली. त्या हसत होत्या.

"बंद कर ते!" पाक त्रियोनो गरजले.

"डब्यातलं करता येईल, पाक," विदाग्दो खाली बघत म्हणाला. "पक्ष्यातलं... ते आता आत गेलंय."

स्पर्धेतून नाव काढून घेणं शक्य नव्हतं. मैदानाच्या फाटकावर "कोमंदान, आमच्याच डब्याचा विद्यार्थी" असा भला मोठा फलक लागलेला होता. पाक त्रियोनोंनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "उद्या हा चारचौघांत असा बोलला, तर हा आवाज ज्याने ठरवला त्याने सोमवारी कामावर यायचं नाही."

मला त्याचा राग यायचा हे खरं, पण त्या क्षणी मला त्याची काळजी वाटली. पन्नाशीच्या माणसाला कोण नोकरी देणार? त्यातून काय काम येतं असं विचारल्यावर "तुम्हाला जे हवं ते" म्हणणाऱ्याला?

रविवारी पत्र्याच्या मांडवात पिंजरे ओळीने टांगले. चांगल्या गाण्याला गुण म्हणून पिंजऱ्याखाली रोवायच्या झेंड्या हातात घेऊन पंच फिरायला लागले. पिंजऱ्यांच्या मालकांनी ओरडायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे सगळे ओरडत होते. कोमंदानने तान घेतली. मांडव गप्प झाला. एक पंच झेंडी रोवायला वाकला, आणि डोक्यावरून आलं, "टिं-टिं-टूं."

पंच वाकलेलाच राहिला. तेवढ्यात तिसऱ्या पिंजऱ्यातून उत्तर आलं, टिं-टिं-टूं. मग मागच्या ओळीतून. मग कोपऱ्यातून. बघता बघता सगळा मांडव नुकती वीज आल्यासारखा वाजायला लागला. आमच्या डब्याचे सगळेच विद्यार्थी हुशार निघाले होते.

लोकांनी पाक त्रियोनोंना घेरलं. कुणी पैसे परत मागत होता. कुणी म्हणत होता, "राहू द्या हो, मजा आहे! मला आणखी एक डबा द्या." त्या दोन गटांतच जुंपली. विदाग्दो पुढे सरकला, दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं.

"खबरदार!" बू मुर्नी ओरडल्या. "पर्याय म्हणालास तर पिंजऱ्यात घालीन!"

त्याने तोंड मिटलं. पाक त्रियोनो त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "कुणी ठरवलं हे? नाव सांग."

"कुणीच नाही, पाक. मी कुणाला ठरवूच दिलं नाही. चूक ती आहे." त्याने मान वर केली. "तेव्हा भांडणात बू मुर्नींचं बरोबर होतं. आणि तुमचं... तुमचं चुकलं होतं."

आमच्याकडे मालकाला असं तोंडावर कुणी सांगत नाही. भांडणारे गप्प झाले. मला रडू आणि हसू एकदम आलं. पाक त्रियोनो आणखी एक पाऊल त्याच्या जवळ आले.

"इतकी वर्षं हे वाक्य कुठे ठेवलं होतंस रे?"

"आतच होतं, पाक. बंद ठेवलं होतं."

त्या शांततेत कोमंदानने आपलं मत दिलं. पाक त्रियोनोंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "सोमवारी लवकर ये. आणि ते काढून टाक."

सोमवारी त्याने आवाजाचा पर्याय मुळासकट उपटला. मेव्हण्यांचाही उपटला. ज्यापुढे काय होतं ते आठवत नाही असं लिहिलं होतं तो मात्र राहिला, त्याला हात लावायची माझीसुद्धा हिंमत नाही. दुपारी टपरीवरच्या बाईंनी सवयीने गोड चहा पुढे केला, तर हा म्हणाला, "नाही. बिनसाखरेचा." इतकी वर्षं गोड चहा त्याला आवडतच नव्हता.

कोमंदान आता आमच्या खोलीत असतो. नव्या डब्याला मी वीज जोडते, डबा तोंडातून अवाक्षर काढत नाही, पण बटणाची खट ऐकली की कोमंदान मान तिरकी करून म्हणतो, "टिं-टिं-टूं." पाक त्रियोनो आतून ओरडतात, "चालू झाला वाटतं!" बू मुर्नी कपाळाला हात लावतात.

विदाग्दो माझ्याकडे वळून हळूच म्हणतो, "बघ विगाती, दोघांच्याही मनासारखं झालं."